व्हिसा आईबापाचा, मूल कुठलं?

अमेरिकेच्या अध्यक्षांनी २० जानेवारी २०२५ रोजी, शपथ घेतली त्याच दिवशी, जन्मावरून मिळणाऱ्या नागरिकत्वाला कात्री लावणारा आदेश काढला. त्याची चर्चा चिपळूण, देवरुख, कुडाळच्या ओटी-पडव्यांपर्यंत आली. आई कायदेशीर पण मुदतीच्या व्हिशावर राहत असेल, मग तो नोकरीचा असो, शिक्षणाचा असो की पर्यटनाचा, आणि बाप अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसेल, तर तिथे जन्मलेलं मूल अमेरिकन नाही, असं त्या आदेशात म्हटलं होतं. चोरवाटेने शिरलेल्यांबद्दल असं काहीतरी होणार, हे लोकांनी धरलंच होतं. पण एच-१बी या नोकरीच्या मुदतीच्या व्हिशावर रीतसर कर भरणाऱ्यांची बाळंही त्याच रांगेत बसवली, तेव्हा इथल्या आजी-आजोबांच्या पोटात गोळा आला. तीन दिवसांत सिएटलच्या न्यायाधीशांनी आदेश रोखला, मागोमाग इतर न्यायालयांनीही रोखला आणि वाद तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

त्या दिवसांत घरोघरी एकच प्रश्न ऐकू येत होता: त्या पोराने कुणाचं काय घोडं मारलंय? प्रश्न रास्त आहे, पण तो अर्धाच विचारून आपण थांबतो. न्यू जर्सीत जन्मलेल्या नातवासाठी जो न्याय आपण मागतो, तोच कुवेतमध्ये जन्मलेल्या मुलीला मिळायला हवा, आणि रत्नागिरीच्या आंब्याच्या बागेत जन्मलेल्या नेपाळी गुरख्याच्या मुलालाही. मूल जिथे जन्मलं आणि वाढलं, तिथलं नागरिकत्व त्याला हक्काने मिळालं पाहिजे. आईबाप कुठल्या कागदावर आले होते, त्यावर ते अवलंबून असू नये.

अमेरिकेतला नियम कुणाच्या उदारपणातून आलेला नाही. १८५७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात काळ्या माणसाला नागरिक मानायलाच नकार दिला होता. मग यादवी युद्ध झालं, गुलामी संपली आणि १८६८ साली चौदावी घटनादुरुस्ती आली. देशात जन्मलेला आणि तिथल्या कायद्याच्या अंमलाखाली असलेला प्रत्येक जण नागरिक, असं घटनेतच लिहिलं गेलं, म्हणजे पुन्हा कुठल्या सरकारला किंवा न्यायालयाला मर्जीप्रमाणे माणसं वगळता येऊ नयेत. पुढे १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना दार बंद झालं. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला वाँग किम आर्क १८९५ मध्ये चीनला जाऊन परत आला, तर त्याला बंदरातच अडवलं. आईबाप चिनी, म्हणून तूही चिनी. १८९८ साली न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी सांगितलं, की हा माणूस जन्माने अमेरिकन आहे.

आपल्या लोकांनाही या नियमाचा आधार मिळालेला आहे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदुस्थानातून आलेला माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल लागला आणि ती बंदी १९४६ पर्यंत राहिली. कॅलिफोर्नियात तर अशा परक्यांना शेतजमीनही घेता येत नव्हती. तेव्हा तिथले काही पंजाबी शेतकरी जमीन मुलांच्या नावावर करत, कारण मुलं तिथे जन्मलेली, म्हणून नागरिक. जन्मभर त्या मातीत राबलेल्या बापाचं नाव सातबाऱ्यावर लागत नव्हतं, पाळण्यातल्या पोराचं लागत होतं. जमिनीच्या एकेका गुंठ्यासाठी पिढ्यान् पिढ्या कोर्टाची पायरी चढणाऱ्या कोकणी माणसाला याचं मोल समजावून सांगायला नको.

आता मुदतीच्या व्हिशाचं बघू. एच-१बी तीन वर्षांचा, वाढवून सहा वर्षांचा. पण ग्रीनकार्डचा अर्ज रांगेत असेल तर तो पुढेही वाढत जातो. नोकरीच्या आधारावरची ग्रीनकार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, आणि कुठल्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांची मर्यादा. त्यामुळे भारतीयांची रांग काही दशकांची झाली आहे. माणूस तिथे घर घेतो, कर्ज फेडतो, केस पांढरे करतो, आणि कागदोपत्री मात्र पाहुणाच राहतो. गुहागर तालुक्यातलं एक कुटुंब माझ्या चांगल्या माहितीतलं आहे. थोरली मुलगी पुण्यात जन्मली आणि रांगायच्या वयात तिकडे गेली, धाकटा तिथेच जन्मला. दोघं एकाच शाळेत शिकली. तो नागरिक आहे. ती आईबापाच्या व्हिशाला जोडलेली आहे आणि एकवीस वर्षं पूर्ण झाली की तो धागा तुटतो. मग विद्यार्थी म्हणून नवा व्हिसा काढायचा, नाहीतर देश सोडायचा. तिच्या भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आजोबांच्या घराचा पत्ता आहे, जिथे ती मे महिन्याच्या सुट्टीपलीकडे कधी राहिलेली नाही. असा आदेश लागू झाला, तर पुढे जन्मणाऱ्या प्रत्येक धाकट्याची गत या थोरलीसारखी होणार. म्हणून मला तो आदेश अन्यायाचा वाटतो. आईबापाची मुदत कितीही वेळा वाढवता येते, मुलाचं बालपण मात्र एकदाच आणि एकाच ठिकाणी होतं.

'अँकर बेबी', म्हणजे आईबापाला तिथे नांगर टाकता यावा म्हणून जन्माला घातलेलं मूल, असं हिणवणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी. तिथे जन्मलेल्या मुलाला आईबापासाठी ग्रीनकार्डचा अर्ज करता येतो तो वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याआधी नाही. एकवीस वर्षांनी फळणाऱ्या लोभापायी कुणी संसार उचलून परदेशी नेत नाही. नोकरीसाठी नेतो, आणि संसार म्हटला की मुलं होतातच.

आखाताबद्दल कोकणाला वेगळं सांगायला नको. श्रीवर्धन, बाणकोट, दाभोळ, खेड, राजापूर या पट्ट्यात कुवेत, सौदी, कतार, दुबईला कुणीच गेलेलं नाही असं गाव सापडणं कठीण. तिथे जन्मस्थळाला किंमत नाही. नागरिकत्व बापाकडून येतं, आणि बाप इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या मुदतीच्या परवान्यावर. मूल तिथल्या इस्पितळात जन्मतं, तिथल्या भारतीय शाळेत बारावीपर्यंत जातं, पण नोकरी गेली आणि इकामा रद्द झाला की थोडक्या दिवसांत सगळं घर आवरायचं. मुलगा ठराविक वयाचा झाला की बापाच्या व्हिशावर राहू शकत नाही. सौदीने जुलै २०१७ पासून परक्या कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल लावले आणि वाढवत वाढवत २०२० मध्ये ४०० वर नेले. साध्या पगारात ते झेपेना. बऱ्याच जणांनी बायको-मुलांचा खुरूज, म्हणजे देश सोडण्याचा शिक्का, करून त्यांना कायमचं गावी पाठवलं आणि स्वतः चौघांत एक खोली घेऊन मागे राहिले.

त्यानंतर इथल्या शाळांत आलेली मुलं मी पाहिली आहेत. आठवीत बसवलेली एक मुलगी गणिताच्या तासाला वर्गाच्या पुढे असायची आणि मराठीचा पेपर हातात आला की पहिलं पान उलटून परत पहिल्याच पानावर यायची. डबा खाताना मैत्रिणींना सांगायची, की आमच्या बिल्डिंगखाली चोवीस तास उघडी बेकरी होती. कागदोपत्री ती मायदेशी परतली होती. तिच्या लेखी तिला घरातून काढलं होतं. तिचा बाप कामगार म्हणून गेला, त्याला अटी ठाऊक होत्या, त्याने सही केली होती. तिने कशावर सही केली होती?

आपल्याच लोकांचं एक जुनं उदाहरण याच्या अगदी उलट आहे. १८३४ नंतर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, गेले, त्यांत रत्नागिरीकडची मराठी माणसं होती. करार पाच वर्षांचा. म्हणजे त्या काळचा मुदतीचा व्हिसाच म्हणायचा, आणि तोही फार जाचक. पण जी राहिली त्यांची मुलं तिथलीच झाली. १९६८ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा त्यांची नातवंडं-पतवंडं त्या देशाचे नागरिक झाली. आज तिथे गणपती बसतात, मराठी शिकवलं जातं. आपण त्या लोकांना इथल्या व्यासपीठांवर बोलावतो आणि त्यांचा अभिमान सांगतो. पाच वर्षांचा करार संपल्याबरोबर त्यांच्या मुलांनाही बोटीत बसवून परत पाठवलं असतं, तर त्या अभिमानाला जागाच उरली नसती.

आणि आता आपलं अंगण. भारताचा नागरिकत्व कायदा १९५५ चा. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेला जवळपास प्रत्येक जण जन्माने नागरिक होता, आईबाप कुणीही असोत. बेकायदा आलेल्या परक्यांविरुद्धचं आसामचं आंदोलन आणि त्यानंतरचा १९८५ चा करार यांच्या पाठोपाठ कायदा बदलला. १ जुलै १९८७ पासून आई किंवा बाप यांपैकी एक तरी भारतीय असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून ती आणखी आवळली: दोघंही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नको. अमेरिकेत जे आदेशाच्या एका फटक्यात करायचा प्रयत्न झाला, ते आपण दोन टप्प्यांत, संसदेतून, फारसा आवाज न होता केलं. नागरिकत्वाच्या बाबतीत आपला कायदा आज अमेरिकेपेक्षा कुवेतच्या जवळचा आहे. हे माहीत नसताना आपण वॉशिंग्टनला माणुसकी शिकवतो.

संविधान सभेत हा वाद झडला होता. अमरावतीचे पंजाबराव देशमुख यांनी ऑगस्ट १९४९ मध्ये जन्मावरच्या नागरिकत्वाला कडाडून विरोध केला. मुंबईतून नुसती जाता जाता बाळंत झालेल्या परदेशी बाईचं मूलही भारतीय ठरेल, आणि आपलं नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल, असा त्यांचा मुद्दा होता. त्याआधी, एप्रिल १९४७ मध्ये, सरदार पटेलांनी दुसरी बाजू मांडली होती. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या भारतीयांना तिथलं नागरिकत्व द्या असं आपण जगाला सांगतो, मग आपल्या घरी अरुंद व्याख्या कशी करायची? पटेलांना कुणी भाबडं म्हणणार नाही. फाळणीची चिन्हं दिसत असताना त्यांनी हा विचार मांडला. देशमुखांची शंकाही उडवून लावण्यासारखी नाही, आणि तिला उत्तर आहे. त्यावर पुढे येतोच.

रत्नागिरी-देवगडच्या बागांमध्ये नेपाळी माणूस आता नवा राहिलेला नाही. पावसाळा संपला की फवारणी, मग मोहराची राखण, वानरं हाकणं, झेल्याने आंबा उतरवणं, पेट्या वाहणं. मिरकरवाडा आणि हर्णैच्या बोटींवर खलाशी म्हणूनही तेच. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही. जूनमध्ये मासेमारी बंद झाली की काही जण गावी जातात, पण बागेतल्या खोपीत बायकोमुलांसह बारमाही राहणारी कुटुंबंही खूप आहेत. त्यांची मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात. संविधानाचं २१-क कलम सहा ते चौदा वयाच्या सगळ्या मुलांना शिक्षणाचा हक्क देतं, तिथे नागरिक असण्याची अट नाही. ही मुलं आपल्या मुलांसारखंच हेल काढून मराठी बोलतात. शिमग्याला पालखीखाली खांदा द्यायला ती धावतात. आणि वाडीवाडीत पटाअभावी शाळा बंद पडायची वेळ येते, तेव्हा पट टिकवायला याच मुलांची नावं कामाला येतात, हे कुठल्याही मुख्याध्यापकाला खासगीत विचारा.

गाडी अडते ती दहावीनंतर. डिप्लोमाच्या प्रवेशाला डोमिसाईल लागतं. दाखल्याचं पूर्ण नाव 'वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास' असं आहे. मुलगा तालुक्याच्या सेतूत जातो. त्याच्याकडे ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आहे, पहिलीपासूनचा बोनाफाईड आहे, आधार कार्ड आहे. तिन्हींवर पत्ता इथलाच. वय सिद्ध झालं, अधिवासही झाला. मग खिडकीतून विचारणा होते: वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला? वडिलांचा जन्म कुठला? मुलगा सांगतो, नेपाळ. कागद परत हातात येतात. यात कारकुनाचा दोष नाही, त्याने कायदा पाळला. पण तो मुलगा सायकल हातात धरून बाजारातून घरी निघतो तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलेलं असतं, की दहा वर्षं ज्या शाळेत त्याने प्रार्थनेला प्रतिज्ञा म्हटली, त्या प्रतिज्ञेतला देश त्याला आपला म्हणत नाही. अठराव्या वर्षी त्याचे मित्र ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मत देतील. तो मतदान केंद्राबाहेर उभा राहील.

याला नेपाळचं नागरिकत्व मिळतं की, मग कसली तक्रार, असं कुणी म्हणेल. मिळतं. एच-१बीवरच्या जोडप्याच्या बाळालाही भारताचं मिळतं, वर्षाच्या आत वकिलातीत नोंद केली की झालं. तरी आपण त्या बाळासाठी हळहळतोच ना? कारण कागदावरचा देश आणि जगलेला देश वेगळे असू शकतात, हे स्वतःच्या नातवाच्या बाबतीत आपल्याला लगेच पटतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, एवढाच काय तो फरक.

विरोधातले मुद्दे मी हलके मानत नाही. सुरक्षेचा मुद्दा या किनाऱ्यावर तर कुणी हलका मानूच शकत नाही. १९९३ मध्ये दिघी आणि शेखाडीला शस्त्रं आणि स्फोटकं उतरली, ती स्फोटकं मुंबईत फुटली. पण ती उतरू देण्यात हात असलेले जे पोलीस आणि कस्टमचे अधिकारी टाडा न्यायालयात दोषी ठरले, ते भारतीय नागरिकच होते. किनारा सांभाळायचा असेल तर बोटींची नोंद, खलाशांची ओळखपत्रं, गस्त, आणि लाच न खाणारी माणसं लागतात. दहा वर्षांच्या मुलाला नागरिकत्व नाकारून समुद्राची राखण होत नाही. उलट, ज्याच्या नावाची पक्की नोंद आहे आणि ज्याला गावात काही गमावण्यासारखं आहे, तो माणूस गावाच्या बाजूने उभा राहतो.

दुसरी भीती अधिक खोल आहे आणि ती मला गावोगावी भेटते: उद्या गाव त्यांचं होईल. आकडे काय सांगतात ते पाहू. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास १६ टक्क्यांनी वाढली. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची ४.८ टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गाची २.२ टक्क्यांनी घटली. गाव रिकामं आपण केलं आहे, मुंबईला, पुण्याला, दुबईला आणि न्यू जर्सीला जाऊन. बंद घरांच्या कौलांवर शेवाळ चढलंय ते काही नेपाळ्यांमुळे नव्हे. स्थानिक खलाशाची मजुरी बाहेरच्या माणसामुळे पडते, ही तक्रार मात्र काही ठिकाणी खरी आहे आणि ती मजुरीचे दर बांधून सोडवायला हवी. पण ज्याला मत नाही, ज्याचा आवाज नाही, त्यालाच कमी पैशात राबवता येतं. नागरिक झालेला मुलगा बापाच्या दराने राबणार नाही.

राहिली देशमुखांची शंका. मुंबईत जाता जाता बाळंत झालेल्या बाईचं मूल भारतीय का व्हावं? मलाही वाटतं, नुसत्या जन्माने होऊ नये. अमेरिकेचा नियम त्यांच्या इतिहासातून आला, त्यांनी तो टिकवावा. भारताने तो जसाच्या तसा परत आणावा असं मी म्हणत नाही. आयर्लंडने २००४ मध्ये सार्वमत घेऊन जन्माचा सरसकट हक्क काढला आणि आईबापाच्या काही वर्षांच्या कायदेशीर वास्तव्याची अट घातली. तो मार्ग मला अपुरा वाटतो, कारण त्यात मोजमाप पुन्हा आईबापाचंच होतं. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया यांनी जास्त शहाणपणा केला. ब्रिटनने १९८३ पासून जन्माचा सरसकट हक्क बंद केला, पण एक दार उघडं ठेवलं: तिथे जन्मून पहिली दहा वर्षं तिथेच काढलेल्या मुलाला नागरिक म्हणून नोंद करून घ्यायचा हक्क आहे, आईबापाचा व्हिसा कुठलाही असो, नसला तरी. ऑस्ट्रेलियाने १९८६ मध्ये नियम बदलला, पण तिथेच जन्मून तिथेच वाढलेलं मूल दहाव्या वाढदिवशी आपोआप नागरिक होतं. जाता जाता बाळंत होणारी बाई दहा वर्षं थांबत नाही. देशमुखांना उत्तर मिळालं आणि पटेलांचा मानही राहिला.

आपल्या कायद्यात आजही एक फट आहे. पाचव्या कलमाच्या चौथ्या पोटकलमाने केंद्र सरकार विशेष परिस्थितीत कुठल्याही अल्पवयीन मुलाची नागरिक म्हणून नोंद करू शकतं. मोठेपणी अर्ज करून नागरिकत्व मिळवायची वाटही आहे. त्यासाठी इतकी वर्षं राहिल्याचा पुरावा हवा आणि आठव्या अनुसूचीतली एखादी भाषा यायला हवी. बागेतल्या त्या मुलाला त्यातल्या दोन येतात, मराठी आणि नेपाळी. पण हे सगळं सरकारच्या मर्जीवर. विशेष परिस्थिती कुणाची, हे दिल्लीत ठरणार, आणि खोपीत राहणाऱ्या गुरख्याची फाईल तिथपर्यंत कोण नेणार? म्हणून तिसऱ्या कलमातच एक ओळ हवी: भारतात जन्मलेलं आणि वयाची पहिली दहा वर्षं भारतात राहिलेलं मूल दहाव्या वर्षी भारताचं नागरिक होईल. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व त्याच्याकडे असेल, तर अठराव्या वर्षी त्याने दोन्हींतलं एक निवडावं. आईबापाला त्यातून काहीही आपोआप मिळू नये, म्हणजे गैरफायद्याचा मुद्दा उरत नाही.

कायदा बदलेपर्यंत थांबायचीही गरज नाही. असे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फतच जातात. इथल्या बागायतदारांनी आणि नौकामालकांनी आपल्याकडच्या मुलांचे अर्ज भरून द्यावेत, ग्रामसभेने ठराव जोडावा, खासदारांनी पाठपुरावा करावा. पुराव्याला तोटा नाही: ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आरोग्य उपकेंद्राचं लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडीतली वजनाची नोंद आणि शाळेचा हजेरीपट.